फॅलेनॉप्सिसच्या कळ्या गळतायत, काय चुकतंय?

गॅलरीतली चिमणी | २१ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, चार वर्षं वाचनमात्र होते. आज खातं उघडलं, कारण रडू यायचंच बाकी आहे.

जांभळं फॅलेनॉप्सिस, म्हणजे ऑर्किडच. दोन वर्षांपूर्वी नणंदेने वास्तुशांतीला दिलं होतं. तेव्हाची फुलं अडीच महिने टिकली, मग नुसतीच पानं. गेल्या पावसाळ्यात निम्मी मुळं कुजली, ती कापून झाडाच्या सालीच्या नव्या तुकड्यांत लावलं. आणि या जानेवारीत पानाच्या बेचक्यातून हिरवं बोट बाहेर आलं. मला वाटलं मूळच असणार. पण मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं; याला हातमोज्यासारखा अंगठा फुटला, तेव्हा कळलं की फुलाचा दांडा आहे. मार्चअखेर पहिलं फूल. चार फुलं आणि सात कळ्या, असा एकूण संसार.

शनिवारपासून कळ्या पिवळ्या पडायला लागल्या. हात लावला की देठातून सुटतात. आज तीन गेल्या. डोंबिवली, दुसरा मजला, हॉलची पूर्वेची खिडकी. सकाळचं ऊन नऊपर्यंत, तेही पडद्याआडून. कुंडी हलवलेली नाही, खत बदललेलं नाही. काय चुकतंय?

पेशवेकालीन कुंडी | २१ एप्रिल, रात्री ११:०५

उन्हाळा आहे, पाणी वाढवा. आमच्याकडे पुण्यात एप्रिलमध्ये हवा पापडासारखी कोरडी असते. ताटलीत खडे, खड्यांत पाणी, वर कुंडी. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये. एवढं करूनही नाही जमलं तर जास्वंद लावा, ती कुणाचे नखरे करत नाही.

हिरवी मिरची | २१ एप्रिल, रात्री ११:३१

केळ्याच्या सालीचं पाणी घालून बघा. माझ्या गुलाबाला भारी मानवलं.
(आणि कुणाची नजर लागली का तेही बघा, हलके घ्या.)

झाडवेडा काका | २२ एप्रिल, सकाळी ६:१५

चिमणीताई, पाणी वाढवू नका. केळ्याची सालबिल तर अजिबात नको. ऑर्किडच्या कुंडीत माती नसते, साल कुजवायला तिथे कुणी बसलेलं नाही. चिलटं मात्र येतील.

मी ठाण्यात गेली बावीस वर्षं ही झाडं वाढवतोय. पहिली सहा मी स्वतः बुडवून मारली, तेव्हा जे सांगतो ते अनुभवाचं समजा.

फॅलेनॉप्सिस पाण्यावाचून मरतं त्यापेक्षा पाण्याने जास्त मरतं. गंमत अशी की दोन्हींत पानं सारखीच दिसतात, लोळागोळा आणि सुरकुतलेली. पाणी मिळालं नाही म्हणूनही सुरकुततात आणि मुळं कुजल्यामुळे पिता येत नाही म्हणूनही. माणूस पान बघतो, कळवळतो, अजून एक तांब्या ओततो आणि झाडाचा निकाल लागतो. म्हणून पानांना विचारायचंच नाही. मुळांना विचारायचं. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची हवी ती याचसाठी. मुळं रुपेरी दिसली तर तहान आहे, हिरवी दिसली तर पोट भरलेलं आहे. मुळावर स्पंजासारखं पांढरं अस्तर असतं, ते भिजलं की आतला हिरवा रंग वर दिसतो. शंका आली तर बोटाच्या चिमटीत धरून बघा. जिवंत मूळ गवारीच्या शेंगेसारखं टणक लागतं. मेलेलं मूळ पोकळ, ओढलं की साल हातात येते आणि आत सुतळीएवढा धागा उरतो.

हे झाड मूळचं जमिनीवरचं नाहीच. जावा, फिलिपिन्स तिकडच्या दमट रानांत झाडांच्या फांद्यांना चिकटून असतं, तेही तिरकं लोंबतं. पाऊस पडला की पानांच्या बेचक्यातलं पाणी आपोआप सांडून जातं. आपण त्याला कुंडीत ताठ बसवतो आणि वरून झारी धरतो. मग मधल्या कोंभात पाणी साचतं आणि कोंभ कुजतो. पाणी नेहमी सकाळी द्या, कडेकडेने. चुकून मध्ये पडलंच तर कापसाच्या बोळ्याने टिपा.

आता मला सांगा:
मुळं कशी आहेत?
पाणी कुठलं, नळाचं की बोअरचं?
एसी किंवा पंख्याचा झोत थेट कुंडीवर येतो का?
आणि सगळ्यात महत्त्वाचं: फक्त कळ्याच गळतायत, की उमललेली फुलंसुद्धा बिघडलीत?

गॅलरीतली चिमणी | २२ एप्रिल, सकाळी ९:२०

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, दंडवत.

मुळं टणक आहेत, आत्ताच चिमटीत धरून बघितली. पाणी नळाचं, पाच-सहा दिवसांनी, रुपेरी झाल्यावरच. एसी समोरच्या भिंतीवर आहे, झोत कुंडीपर्यंत येत नाही. दारं-खिडक्या मात्र रात्रभर बंद असतात. सासूबाई हॉलमध्येच झोपतात, त्यांना उकडतं म्हणून एसी चालू असतो.

फुलांबद्दल विचारलंत म्हणून नीट बघितलं. चारांपैकी दोन मिटलीत. वाळून नाही हो, ओला रुमाल पिळून ठेवावा तशी. कालपर्यंत चांगली होती. पाकळ्यांच्या कडा पारदर्शक दिसतायत.

शंकेखोर | २२ एप्रिल, सकाळी १०:०२

परागीभवन झालं असेल. मधमाशी शिरली असेल खिडकीतून. फुलात बी धरलं की ऑर्किड पाकळ्या मिटून घेतं.

झाडवेडा काका | २२ एप्रिल, सकाळी १०:४५

शंकेखोर, मुद्दा बरोबर आहे, पण मधमाशीने एखाद-दुसरं फूल गेलं असतं. न उमललेल्या कळ्या तिने कशा पाडल्या?

पाणी कमी-जास्त झालं तर आधी पानं किंवा मुळं बोलतात. ती तर ठणठणीत आहेत. झोत लागला तर त्या बाजूच्या कळ्या जातात. उमललेली फुलं आणि कळ्या एकाच आठवड्यात, आणि फुलं अशी ओल्या रुमालासारखी... चिमणीताई, एक विचित्र प्रश्न विचारतो.

घरात आंबे आहेत का?

गॅलरीतली चिमणी | २२ एप्रिल, सकाळी ११:१०

😳

आहेत. देवगडहून मामेसासऱ्यांनी पाच डझनाच्या दोन पेट्या पाठवल्यात. सासूबाईंनी अढी घातलीय. भाताचा पेंढा, वर गोणपाट.

हॉलमधल्या दिवाणाखाली.

दिवाण खिडकीला लागून आहे.

पेशवेकालीन कुंडी | २२ एप्रिल, सकाळी ११:१२

खटला निकाली. आरोपी हापूस. जामीन नाही.

अन्नपूर्णा_३३ | २२ एप्रिल, दुपारी १२:३०

काय सांगता! आंब्याचा आणि ऑर्किडचा काय संबंध?

झाडवेडा काका | २२ एप्रिल, दुपारी २:००

संबंध इथिलीनचा. पिकणारं फळ हा वायू हवेत सोडतं. घराघरात माहीत असलेली गोष्ट आहे, फक्त नाव माहीत नसतं. चिकू तांदळाच्या डब्यात का पुरतात? कच्च्या केळ्यांत एक पिकलेलं केळं का ठेवतात? अढीवर गोणपाट का टाकतात? पहिल्या पिकलेल्या फळाचा वायू कोंडून बाकीच्यांना लागावा म्हणून. फळाला तो सांगतो, पीक. फुलाला सांगतो, तुझं काम झालं, गळ.

फॅलेनॉप्सिसचं फूल या बाबतीत फार हळवं आहे. हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचा एक भागसुद्धा असायला लागत नाही, त्याहून कमीत फुलं मिटतात. दहा डझन आंबे, बंद खोली आणि रात्रभर तीच हवा घुमवणारा एसी. कळ्या तग धरणार कशा?

अवांतर: हे कळलं कसं तेही मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या वायूवर चालत. नळ्या गळल्या की आसपासच्या झाडांची पानं गळून पडत. सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव नावाच्या रशियन तरुणाने प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे का वाढतात याचा छडा लावला आणि १९०१ मध्ये दाखवून दिलं की दिव्याच्या वायूतला इथिलीन हा घटक त्याला कारण आहे. म्हणजे नुसती फळंच नाहीत, अर्धवट जळणारी कुठलीही गोष्ट इथिलीन सोडते. देवघराशेजारी ऑर्किड ठेवून दिवसभर उदबत्ती लावणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

शंकेखोर | २२ एप्रिल, दुपारी ३:१८

पण मग कोकणात आंब्याच्या झाडावरच ऑर्किडं वाढतात त्याचं काय? लहानपणी आजोळी डोळ्यांनी बघितलीत. आजोबा त्यांना बांडगूळ म्हणायचे आणि उपटून टाकायचे.

लाल_माती | २२ एप्रिल, सायंकाळी ५:५०

कुडाळहून लिहितेय. आमच्या परसातल्या रायवळ आंब्यावर सीतेची वेणी आहे, तेही ऑर्किडच. आंबे उतरतात त्याच सुमाराला, मे-जूनमध्ये ती फुलते. गुलाबी ठिपक्यांचा हातभर तुरा. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला मुली केसांत माळतात. उघड्यावर वारा असतो हो, वायू साठणार कुठे? दिवाणाखाली वारा नसतो.

आणि शंकेखोर, आजोबांना सांगायला हवं होतं: बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचं पाणी पितं. ऑर्किड नुसतं बसायला जागा मागतं. आमचे वडीलसुद्धा उपटायचेच, आता नाही उपटत. जाता जाता सगळ्यांनाच: सह्याद्रीत फिरायला गेलात की झाडावरची आमरी (म्हणजे ऑर्किड) ओरबाडून आणू नका. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती वर्षभरही जगत नाही.

झाडवेडा काका | २२ एप्रिल, रात्री ८:०५

लाल_माती यांना +१. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण धुळीएवढ्या आणि शिदोरीशिवाय. रानात ठरावीक बुरशीची गाठ पडली तरच रुजतात. रानातलं एक झाड गेलं की त्याची जागा लवकर भरून निघत नाही. दुकानातली फॅलेनॉप्सिस प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढलेली असतात, ती हवी तेवढी घ्या.

गॅलरीतली चिमणी | २२ एप्रिल, रात्री ९:३०

अपडेट. सासूबाईंना काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "आंबे वर्षातून एकदा येतात. तुझं फूल हलव."

कुंडी बेडरूममध्ये नेली. आणखी एक कळी हलवताना पडली. राहिल्या तीन.

थंडीतला मऱ्हाठा | २३ एप्रिल, पहाटे ४:४०

मिनेसोटाहून. आमच्याकडे किराणा दुकानातही फॅलेनॉप्सिस मिळतं आणि कुंडीवर चिठ्ठी असते, "आठवड्याला तीन बर्फाचे खडे." हसू नका, पाणी मोजून पडतं एवढाच त्यात अर्थ. मी साधं पाणीच घालतो. इथला खरा शत्रू हीटर. जानेवारीत घरातली हवा इतकी कोरडी की कळी फुगते आणि उमलायच्या आधीच सुकते. शिवाय खिडकीच्या काचेला पान टेकलं तर रात्रीत काळं पडतं. आंब्यांचा त्रास मात्र कधीच झाला नाही. अढी घालण्याइतके आंबे मिळतच नाहीत तर होणार कसा.

अन्नपूर्णा_३३ | २३ एप्रिल, सकाळी ८:१५

काका, माझ्याकडचं तीन वर्षं झाली, फुलतच नाही. पानं मात्र गडद हिरवीगार, बघत राहावीत अशी. खत काय घालू?

झाडवेडा काका | २३ एप्रिल, सकाळी १०:२०

अन्नपूर्णाताई, बघत राहावीत अशी गडद हिरवी पानं म्हणजेच उजेड कमी. पान पोपटीकडे झुकणारं हवं. दुपारी कुंडीच्या जागी कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली दिसली पण कडा पुसट असल्या तर उजेड योग्य. सावलीच पडली नाही तर जागा अंधारी. कडा सुरीसारख्या धारदार दिसल्या तर पान भाजेल. भाजलेलं पान आधी पांढुरकं पडतं, मग तिथे काळा वाळका डाग होतो, तो कधी जात नाही.

दुसरं, दांडा फुटायला थंडी लागते. आपल्याला शालही लागणार नाही एवढीच. तीन-चार आठवडे रात्री विशीच्या आसपास उतरल्या पाहिजेत. मुंबई-ठाण्याकडे ते डिसेंबर-जानेवारीत होतं, म्हणूनच चिमणीताईंना दांडा जानेवारीत आला. नोव्हेंबर संपता संपता कुंडी गॅलरीत सावलीला ठेवा, रात्री खिडकी बंद करू नका. पुणेकरांनी मात्र पारा १५ च्या खाली जायला लागला की आत घ्यावं. दांडा दिसला की कुंडी फिरवायची नाही. कळ्या उजेडाकडे तोंड करतात, तुम्ही फिरवलीत की त्या माना मुरडत बसतात.

खत शेवटी. एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवायची, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. बोअरचं जड पाणी असेल तर हे दुपटीने करा. माझं तर पावसाचं पाणी पिंपात भरलेलं असतं, सोसायटीत त्यावरून दोनदा नोटीस आलीय.

हिरवी मिरची | २३ एप्रिल, सकाळी ११:४०

माझ्याकडच्या पानांच्या बगलेत कापूस चिकटल्यासारखं दिसतंय. तो कापूस नाही ना?

झाडवेडा काका | २३ एप्रिल, सकाळी ११:५५

पिठ्या ढेकूण. कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. कुंडी बाकीच्या झाडांपासून आजच लांब करा. आणि केळ्याच्या सालीचं पाणी...

हिरवी मिरची | २३ एप्रिल, दुपारी १२:०१

बंद केलं. 🙏

गॅलरीतली चिमणी | २९ एप्रिल, रात्री ९:१५

राहिलेल्या तिन्हीपैकी एक कळी वाचली आणि काल उमलली! उरलेली दोन जुनी फुलंही शाबूत आहेत. मिटलेली दोन मात्र गळून पडली.

सासूबाई रोज सकाळी बेडरूममध्ये डोकावून "आहे का अजून?" विचारतात. काल दोन आंबे माझ्या टेबलावर ठेवायला घेऊन आल्या, मग दारातच थबकल्या आणि परत नेले.

शंकेखोर | ३० एप्रिल, सकाळी ९:५०

एक कळी वाचली म्हणजे आंब्यानेच गळत होत्या हे सिद्ध होत नाही. ज्या पडायच्या त्या पडून गेल्या असतील. पुढच्या वर्षी अढी तिथेच घालून बघा, म्हणजे कळेल.

गॅलरीतली चिमणी | ३० एप्रिल, सकाळी ९:५८

तुमच्या घरी घालू का?

गॅलरीतली चिमणी | १८ जून, रात्री ८:३०

धागा वर काढतेय. फुलं मेअखेर संपली. दांडा हिरवाच होता, म्हणून काकांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे खालून तिसऱ्या पेराच्या वर बोटभर अंतर ठेवून कापला. कात्री आधी गॅसवर धरली होती. आता त्याच पेरातून हिरवा ठिपका बाहेर येतोय. पुन्हा कळ्या??

झाडवेडा काका | १९ जून, सकाळी ६:२०

कदाचित. पण इतक्या उकाड्यात आलाय म्हणजे मला दुसराच संशय आहे. थांबा आणि बघा. हात लावू नका.

पावसाळा लागलाय, तेव्हा पाण्यातलं अंतर आठ-दहा दिवसांवर न्या. तरी मुळांनाच विचारा, कॅलेंडरला नको. खोलीतला पंखा हळू चालू ठेवा, कोंदट हवेत बुरशी लगेच धरते. रात्री बॅटरी घेऊन कुंडीच्या भोकांत बघा. चण्याएवढी गोगलगाय एका रात्रीत मुळांची सगळी टोकं कुरतडते.

गॅलरीतली चिमणी | ११ ऑगस्ट, दुपारी ४:०५

काका!! त्या ठिपक्याला दोन पानं आलीत. बोटाच्या पेराएवढी, अगदी आईसारखी. दांड्याला लटकलंय.

झाडवेडा काका | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

वाटलंच होतं. पिल्लू आहे. इंग्रजीत त्याला केकी म्हणतात, शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ मूल. उकाड्यात पेर जागं झालं की पुष्कळदा कळीऐवजी हेच येतं. आईपासून तोडू नका. तीन-चार पानं आणि दोन-तीन इंचांची दोन तरी मुळं आली की मग वेगळं करायचं. तोपर्यंत त्याच्या मुळांवर सकाळी पाण्याचा फवारा मारा, पानांच्या मध्ये नको.

लाल_माती | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

बाळाचं अभिनंदन! वेगळं केल्यावर सालीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरून बघ गो. दोन दिवस पाण्यात भिजत घाल, पाणी चहासारखं लाल होईल, ते टाकून पुन्हा भिजव. क्षार निघायला हवेत. आमच्याकडून पाठवू का?

गॅलरीतली चिमणी | ११ ऑगस्ट, रात्री ९:१०

पाठव ना, पत्ता व्यनि करते.

पिल्लाला मात्र आधीच मालक मिळालाय. सासूबाईंनी सांगून टाकलंय की ते त्यांचं, दिवाणाजवळच्या खिडकीतच राहील. अढी पुढच्या वर्षी बेडरूममध्ये, माझ्या पलंगाखाली.